पानिपतचा शौर्यदिन मांडवाबाहेर काढा

प्रति,
पानिपतच्या शौर्यदिनाचे आयोजक, आणि तिथे होऊ घातलेल्या मराठा स्मारकाचे काम ज्यांच्या हाती आहे ते सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी

स. न. वि. वि.

दरवर्षी १४ जानेवारीला हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यात, काला आंबच्या परिसरात, मराठे आणि अहमदशाह अब्दाली यांच्यातल्या १७६१ च्या लढाईचा दिवस पाळला जातो. २०२५ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्र शासनाने तिथे मराठ्यांचे स्मारक उभारण्याचा निर्णय जाहीर केला. निर्णयाचे स्वागतच आहे. मात्र दिवस ज्या पद्धतीने पाळला जातो त्याच पद्धतीने स्मारकही बांधले गेले, तर पुढची शंभर वर्षे चूक दगडात राहील. म्हणून हे पत्र आताच, पायाची कुदळ पडण्याआधी, आणि सगळ्यांना वाचता येईल असे.

लिहिणारे आम्ही या लढाईची कागदपत्रे वाचणारे, नकाशांवर मोर्चे मांडून पाहणारे आणि महाराष्ट्रातून येणाऱ्यांना हे रण पायी दाखवणारे लोक आहोत. आमच्यातल्या काहींच्या घराण्यातला माणूस तिथून परतला नाही. असे घराणे महाराष्ट्रात शोधायला लांब जावे लागत नाही, त्यामुळे ही आमची एकट्याची तक्रार नव्हे.

मूळ तक्रार एकच आहे. दिवस रणभूमीचा, आणि कार्यक्रम मात्र मांडवातला. स्तंभाला हार, मंचावर सत्कार, मग भाषणे. साताऱ्याहून आलेला माणूस दीड हजार किलोमीटर प्रवास करून येतो, खुर्चीवर बसतो, आणि मराठ्यांची फौज कोणत्या दिशेला तोंड करून उभी होती हे न कळता परत जातो. हे कळायला लागते किती? दिशा दाखवणारा एक दगड आणि माहितगार माणसाची दहा मिनिटे.

फौजेचे तोंड दक्षिणेला होते. शहर पाठीशी, यमुना डाव्या हाताला पूर्वेकडे. डाव्या टोकाला इब्राहिमखान गारदी आणि त्याच्या तोफा, त्यालगत दमाजी गायकवाड आणि विठ्ठल शिवदेव विंचूरकर, मध्यभागी सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव हुजुरातीसह, म्हणजे पेशव्यांच्या खास फौजेसह, उजवीकडे यशवंतराव पवार, समशेर बहाद्दर, मग जनकोजी शिंदे आणि शेवटी मल्हारराव होळकर. मागे बुणगे (फौजेबरोबरचे न लढणारे नोकरचाकर), बायका, यात्रेकरू. सगळ्यांना मध्ये घेऊन, तोफांच्या आडोशाने, गोल बांधून सरकत सरकत बाहेर पडायचे असा बेत होता. अडीच महिने समोरासमोर तळ पडले होते, रसद तुटली होती, माणसे आणि जनावरे उपाशी होती. ही लढाई भुकेने ओढून आणली होती, आणि ही गोष्ट मंचावरून क्वचितच नीट सांगितली जाते.

हे सगळे घड्याळावर दाखवता येते. लढाईला सकाळी नऊच्या सुमारास तोंड लागले. डावीकडे गारद्यांच्या तोफांनी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांची फळी कापून काढली. गोलाचा नियम असा की तोफा बोलत असताना घोडदळाने जागा सोडायची नाही. विंचूरकर आणि गायकवाडांचे स्वार पुढे घुसले, स्वतःच्याच तोफांच्या तोंडासमोर आले, तोफा गप्प झाल्या, आणि रोहिल्यांनी त्यांना मागे रेटले. डावी बाजू फाटायला सुरुवात झाली ती इथून. मध्यावर मात्र दुपारपर्यंत भाऊंची सरशी होती. अब्दालीचा वजीर शाहवलीखान याची फळी मोडली, तो घोड्यावरून उतरून पळणाऱ्यांना हाका मारत होता. अब्दालीने राखीव फौज काढली, पळपुट्यांना मारून परत उभे केले, आणि उंटांवरचे जंबुरे, म्हणजे हलक्या तोफा, पुढे आणले. दोनच्या सुमारास विश्वासराव गोळी लागून पडले. चारपर्यंत फौज फुटली होती. तिथी पौष शुद्ध अष्टमी, म्हणजे अर्धा चंद्र मध्यरात्रीपर्यंत आकाशात. पाठलाग त्या चांदण्यात कोसच्या कोस चालला.

आता आपल्या कार्यक्रमपत्रिकेशेजारी हे वेळापत्रक ठेवून पाहा. नऊ वाजता लोकांना डाव्या बगलेच्या अंदाजे जागी उभे करता येते. दुपारी साडेबाराच्या सुमारास, म्हणजे तिथल्या खऱ्या मध्यान्ही, दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा: मध्य जानेवारीत पानिपतला सूर्य क्षितिजापासून ४० अंशही वर चढत नाही, तो थेट डोळ्यांत येतो. उन्हाने मराठ्यांचे किती नुकसान केले यावर अभ्यासकांत वाद आहे, असू द्या. तो वाद कशाबद्दल आहे हे कळायला तिथे त्या वेळी उभे राहण्यासारखा दुसरा उपाय नाही. आणि नेमक्या त्याच वेळी आपण लोकांना मांडवात बसवता, पाठ दक्षिणेला की उत्तरेला याचा विचार न करता.

दुसरी तक्रार बोलण्यातल्या चुकांची. त्या दरवर्षी त्याच असतात, म्हणून त्या इथे एकदाच मांडतो.

सदाशिवरावभाऊ पेशवे नव्हते. पेशवे नानासाहेब, आणि ते त्या दिवशी पानिपतावर नव्हते. भाऊ त्यांचे चुलतभाऊ, मोहिमेचे सेनापती, वय तीस. विश्वासराव नानासाहेबांचे थोरले चिरंजीव, वय अठरा. दत्ताजी शिंद्यांचे ‘बचेंगे तो और भी लढेंगे’ हे पानिपतच्या मैदानातले नाही, ते एक वर्ष आधी, १० जानेवारी १७६० रोजी, दिल्लीजवळ बुराडी घाटावरचे. पानिपतच्या बॅनरवर ते छापायचे तर खाली बुराडी लिहा.

‘ऐन संक्रांतीच्या दिवशी’ हे वाक्य तर कोणी सोडतच नाही. १४ जानेवारी १७६१ हा बुधवार होता, पण त्या वर्षी संक्रांत चार दिवस आधीच होऊन गेली होती. नाक्षत्र वर्ष, म्हणजे सूर्य पुन्हा त्याच ताऱ्यांपाशी यायला लागणारा काळ, आपल्या इंग्रजी कॅलेंडरच्या वर्षापेक्षा वीसेक मिनिटांनी मोठे असल्यामुळे संक्रांत साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. आज दोन्ही एका तारखेला येतात, तेव्हा येत नव्हते. ‘संक्रांत कोसळली’ म्हणायला हरकत नाही, तो भाषेचा अलंकार झाला. पंचांग म्हणून ते सांगू नका.

आकड्यांचे तर विचारूच नका. कोणी लाख म्हणतो, पुढचा दीड लाख, तिसरा मंचावरच दोनावर नेतो. लढणारे किती, बुणगे किती, रणात पडलेले किती, दुसऱ्या दिवशी कैदेत कापलेले किती, हे चार वेगवेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे वेगवेगळ्या साधनांतून येतात आणि जुळत नाहीत. अब्दालीच्या बाजूला असलेल्या अवधच्या नवाब शुजाउद्दौलाच्या पदरी असलेला काशीराज पंडित त्या दिवशी रणात होता. त्याने सुमारे वीस वर्षांनी फारसीत लिहिले. नाना फडणीस अठरा वर्षांचे, आईला आणि पत्नीला घेऊन तीर्थयात्रेच्या निमित्ताने फौजेबरोबर गेलेले, कसेबसे सुटून आले आणि त्यांनी स्वतःची हकिकत लिहून ठेवली. आकडा सांगताना तो कोणाचा, एवढे दोन शब्द जोडा. ऐकणाऱ्याला ते पेलते.

याहून गंभीर आहे ते दोषी ठरवण्याचे काम. होळकर निघून गेले, विंचूरकरांनी गोल मोडला, भाऊंनी कोणाचे ऐकले नाही: यातल्या प्रत्येक मुद्द्यावर अभ्यास करता येतो, करायलाही हवा. पण मंचावरून तो वक्त्याच्या आणि श्रोत्यांच्या जातीप्रमाणे वळतो, आणि शौर्यदिनाचा हिशेब चुकवण्याचा दिवस होतो. तसेच धर्माचे. इब्राहिमखान गारदी भाऊंच्या बाजूने शेवटपर्यंत लढला, जखमी अवस्थेत पकडला गेला आणि मारला गेला. जखमी महादजी शिंद्यांना वाचवणारा राणेखान भिस्ती होता. बाजीराव-मस्तानीचे चिरंजीव समशेर बहाद्दर जखमांनी भरतपूरच्या मुलखात वारले. आणि उपाशी, उघडे होऊन दक्षिणेकडे निघालेल्यांना ज्याने अन्नवस्त्र दिले तो सूरजमल जाट लढाईपूर्वीच मराठ्यांपासून दूर झालेला होता. यांच्याशिवाय सांगितलेले पानिपत अर्धवट आहे, आणि अर्धवट गोष्ट सांगायला एवढ्या लांब यायची गरज नाही.

नावांचेही तसेच. पाच-सहा नावे घोषणांत येतात, बाकीचे ‘असंख्य वीर’. पत्रांतून आणि घराण्यांच्या कागदांतून शेकड्याने नावे मिळतात. २०० नावे, एकेकाला पाच सेकंद, तर वाचायला सतरा मिनिटे लागतात. सत्काराच्या शालींना याहून जास्त वेळ जातो. ज्यांची नावे मिळत नाहीत त्यांची कामे तरी उच्चारा: गोलंदाज, बेलदार, पखालजी, मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे), बाजारबुणगे, आणि दुसऱ्या दिवशी गुलाम म्हणून नेलेली बायका-मुले. १५ जानेवारीला जे घडले ते शौर्यदिनाच्या चौकटीत बसत नाही म्हणून गाळले जाते. ते गाळू नये.

आता स्मारक. इथे आम्हाला सर्वात जास्त भीती वाटते.

स्मारकाचे नाव निघाले की पहिला प्रश्न उंचीचा येतो. आमचा पहिला प्रश्न मातीचा आहे. रणातल्या गोळ्या, घोड्यांच्या सामानाचे तुकडे, पट्ट्यांच्या कड्या हे सगळे नांगराच्या थरात, वरच्या वीत-दीड वीत मातीत असते. नांगराने ते थोडेफार सरकते, पण फार लांब जात नाही. म्हणून कोणत्या जागी काय सापडले याची नोंद केली तर फळ्या कुठे भिडल्या ते नकाशावर उमटते. आणि बांधकामाची पहिली पायरी काय असते? जागा साफ करून सपाट करणे. बुलडोझरचा पहिला फेरा नेमका तोच थर उचलून बाहेर टाकतो. स्मारक उभे राहते, आणि ज्याचे स्मारक त्याचा शिल्लक पुरावा भरावात जातो.

दुसरा धोका चुकीच्या जागेचा. इंग्लंडमधल्या लेस्टरशायर परगण्यात बॉसवर्थची १४८५ ची लढाई आहे. तिचे माहिती केंद्र १९७४ साली एका टेकडीवर उभारले गेले आणि वर्षानुवर्षे लोकांना तीच रणभूमी म्हणून दाखवली गेली. २००५ नंतर तिथे शेतांतून धातुशोधक फिरवून सर्वेक्षण झाले, तेव्हा शिशाचे तोफगोळे सापडले ते तिथून सुमारे तीन किलोमीटरवर. काला आंबचा स्तंभ परंपरेने ठरलेल्या जागी आहे. परंपरेचा मान राखू, पण काही मैल पसरलेल्या फळीतला तो एक बिंदू आहे. बाकीची फळी आज शेतांत, वस्त्यांत आणि कारखान्यांत गेली आहे, आणि जी शेते उरली ती दरवर्षी कमी होत आहेत.

सर्वेक्षण कसे करायचे तेही सांगतो, कारण ‘तांत्रिक अडचण’ हे उत्तर आम्हाला नको आहे. पानिपतची जमीन भात-गव्हाची. जानेवारीत गहू उभा असतो, शेतात पाय ठेवता येत नाही. गहू एप्रिलच्या मध्याला निघतो आणि भाताची लावणी जूनच्या मध्याकडे होते. तेव्हा एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते जूनची सुरुवात हीच खिडकी. भात निघाल्यावर गहू पेरेपर्यंत मधे जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात, ते पुरत नाहीत. शेतमालकाची लेखी परवानगी आणि नुकसानभरपाई आधी द्यायची, नंतर नाही. दहा मीटर अंतरावर समांतर पट्टे आखून धातुशोधक चालवायचा. जिथे शिसे मिळेल तिथे पट्ट्यांतले अंतर अडीच मीटरवर आणायचे. प्रत्येक वस्तूची जीपीएस नोंद, खोली, वजन, व्यास, आणि वेगळी पिशवी. गोळीच्या व्यासावरून आणि वजनावरून ती कोणत्या जातीच्या हत्याराची याचा अंदाज येतो, जंबुऱ्याची आणि हातातल्या बंदुकीची गल्लत होत नाही. शिसे मातीत टिकते. लोखंड मात्र ओलीत आणि खताच्या जमिनीत गंजून पापुद्रे होते, म्हणून लोखंडी वस्तू मिळाल्या नाहीत याचा अर्थ तिथे तोफ नव्हती असा काढायचा नाही. काम संपेपर्यंत जागा जाहीर करायच्या नाहीत, नाहीतर हौशी लोक रात्री यंत्रे घेऊन उतरतात. हे सगळे पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने आणि देखरेखीखाली व्हावे. खर्च एका ब्राँझच्या अश्वारूढ पुतळ्यापुढे किरकोळ आहे.

फलकांबद्दल थोडक्यात. मराठी, हिंदी आणि इंग्रजी, प्रत्येकी शंभर शब्दांच्या आत, खाली साधनाचे नाव. उथळ कोरून वर रंग भरला की दोन पावसाळ्यांत रंग उडतो आणि मात्रा-वेलांट्या वाचता येत नाहीत. खोल, तिरक्या कडांचे कोरीव काम करा, रंग लागतच नाही. फ्लेक्स तर नकोच. नक्षीदार मोडी वळणाचा मोह टाळा, शाळकरी मुलाला लांबून वाचता आले पाहिजे. आणि मराठी मजकूर हिंदीवरून शब्दाला शब्द उतरवू नका. तो मराठीतच लिहून घ्या आणि छापण्यापूर्वी इतिहास जाणणाऱ्या दोघांकडून तपासा.

येणाऱ्यांची सोय हा मुद्दा छोटा वाटतो, पण त्याच्यावाचून बाकीचे होत नाही. पुण्याहून झेलम एक्स्प्रेस थेट पानिपतला थांबते. इतरांना दिल्लीला उतरून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने नव्वदेक किलोमीटर यावे लागते. जानेवारीच्या धुक्यात गाड्या तासन्‌तास उशिरा येतात आणि पहाटे महामार्गावर समोरचा दिवा दिसत नाही. म्हणून १३ तारखेला दुपारपर्यंत पोचा, अशी सूचना निमंत्रणातच हवी. १४ च्या पहाटे दिल्लीहून बस सोडणे हा जिवाशी खेळ आहे, तो बंद करा. स्थानक ते काला आंब हे सात-आठ किलोमीटर आहेत, तिथे फेऱ्या मारणाऱ्या बसेस ठेवा. महाराष्ट्रातून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना चार-पाच अंशांची थंडी माहीत नसते. त्यांना कानटोपी आणायला सांगा, आणि बायकांसाठी पाणी असलेली स्वच्छतागृहे मोजून उभारा, मंचाच्या मागे पाहुण्यांपुरती दोन नव्हेत.

आमच्या मागण्या:

१. पुढच्या १४ जानेवारीपासून सकाळी नऊ ते चार या वेळेत रणभूमी-फेरी हा मुख्य कार्यक्रम असावा. चाळीस-चाळीस जणांचे गट, प्रत्येकाबरोबर मराठी आणि हिंदी बोलणारा एक माहितगार, चालायला तीन-चार किलोमीटर, आणि वाट रस्त्याने किंवा बांधाने, उभ्या गव्हातून नाही. धुके असेल तर फेरी साडेदहाला सुरू करा, रद्द करू नका. ध्वनिक्षेपक फेरीच्या वेळेत बंद.

२. भाषणे सर्व मिळून एक तास, तीही चारनंतर. नावांचे वाचन त्याआधी.

३. दिशा, फळीचा क्रम आणि वेळ सांगणारे आठ-नऊ दगड. जागा अंदाजे असेल तर दगडावर ‘अंदाजे’ असे स्पष्ट कोरलेले.

४. सर्वेक्षण पूर्ण होऊन त्याचा अहवाल मराठी आणि हिंदीत प्रसिद्ध होईपर्यंत स्मारकाच्या जागेवर सपाटीकरण, भराव किंवा पाया नाही.

५. स्मारकाच्या मजकुराचा मसुदा बांधकामापूर्वी किमान तीन महिने लोकांपुढे ठेवावा, आलेल्या हरकतींना लेखी उत्तरे द्यावीत. गारदी, बुणगे आणि १५ जानेवारीचे कैदी यांचा त्यात उल्लेख हवा.

६. मराठ्यांनी लढाईआधी जिंकलेले कर्नाल जिल्ह्यातले कुंजपुरा आणि दिल्लीतला बुराडी घाट इथेही एकेक फलक, म्हणजे मोहिमेचा मार्ग सलग कळेल.

७. पानिपत जिल्ह्यातल्या शाळांतून मुलांना माहितगार म्हणून तयार करावे, त्यांना मानधन द्यावे. वर्षाचे बाकीचे ३६४ दिवस तिथे तेच असणार आहेत.

यातली पहिली, दुसरी आणि सातवी मागणी पुढच्या शौर्यदिनाला पुरी करता येते, तिला ना जमीन लागते ना निविदा. चौथीबद्दल मात्र उत्तर त्याआधी हवे: सर्वेक्षण कोण करणार, कोणत्या महिन्यात, आणि तोवर जागेवर यंत्र उतरणार नाही याची लेखी हमी कोण देणार. ते उत्तर आम्हाला खाजगीत नको, जाहीर द्यावे.

आपले,
पानिपतची कागदपत्रे वाचणारे आणि ते रण पायी दाखवणारे काही जण
पुणे